चाईवरचं संशोधन कुठवर आलं?

डोक्यावरचे, दाढीतले किंवा भुवईतले केस अचानक गळतात आणि रुपयाच्या नाण्याएवढा गुळगुळीत गोल उरतो. खाज नसते, दुखत नाही, खपली धरत नाही. बहुतेक वेळा ते आधी लक्षात येतं न्हाव्याच्या, नाहीतर वेणी घालणाऱ्या आईच्या. घरात बोललं जातं, ‘चाई पडली.’ कुणी म्हणतं कीड लागली, कुणी कंगवा वेगळा करतं, कुणी लसूण चोळायला सांगतं. वैद्यकशास्त्राच्या पुस्तकात हाच आजार ॲलोपेशिया एरियाटा या नावानं येतो. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच केसांच्या मुळांवर उलटते, तेव्हा चाई पडते.

आजार दुर्मीळ नाही. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या एका परगण्यातल्या वैद्यकीय नोंदी मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी दोनदा तपासल्या. आयुष्यात कधी ना कधी चाई पडण्याची शक्यता दोन्ही वेळा दोन टक्क्यांच्या आसपास निघाली. भारतात चंडीगडच्या पीजीआय संस्थेतल्या डॉ. विनोद कुमार शर्मा आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली ८०८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्वचाविभागात नव्यानं येणाऱ्या शंभरांत एकापेक्षा किंचित कमी रुग्ण चाईचे होते. भारतातल्या चाईबद्दल आजही जो अभ्यास आवर्जून उद्धृत होतो, तो हाच.

गेल्या पंधरा वर्षांत या आजाराचं संशोधन जितकं पुढे गेलं, तितकं आधीच्या दोन हजार वर्षांत गेलं नव्हतं. तरीही कुणाला औषध द्यावं, किती काळ द्यावं आणि ते परवडणार कुणाला, या प्रश्नांवर तज्ज्ञांत एकमत नाही.

इंद्रलुप्तापासून जंतूपर्यंत

सुश्रुतसंहितेत हा आजार इंद्रलुप्त या नावानं क्षुद्ररोगांत येतो. पित्त आणि वात केसांच्या मुळाशी जाऊन केस पाडतात आणि नंतर कफ व रक्त ती मुळं बुजवतात, म्हणून तिथं पुन्हा केस येत नाहीत, अशी तिथली मांडणी आहे. उपचार म्हणून रक्तमोक्षण करावं किंवा त्वचेवर बारीक ओरखडे काढून गुंजेचा लेप द्यावा, असं सांगितलं आहे. पुढच्या ग्रंथांत गुंजेच्या जोडीला डोरली, बिब्बा आणि मध आले.

कोकणातल्या कुंपणांवर चढणारी गुंज सगळ्यांच्या ओळखीची आहे. लाल बी, टोकाला काळा ठिपका. सोनार पूर्वी हीच बी वजनाला वापरत. तिच्यात ॲब्रिन नावाचं जहाल विष असतं. बी अखंड गिळली तर अनेकदा तशीच बाहेर पडते. चावली किंवा कुटली तर ती जीव घेऊ शकते. ओरखडलेल्या त्वचेवर तिचा लेप घरच्या घरी लावणं म्हणूनच धोक्याचं आहे. बिब्बा उतल्यावर त्वचेचं काय होतं, हे तर कोकणात वेगळं सांगायला नको. मात्र हे जुने उपाय त्वचेला मुद्दाम चिडवणारे होते, हे ध्यानात ठेवायला हवं, कारण विसाव्या शतकातल्या एका उपचाराचा गाभाही तोच आहे.

युरोपात पहिल्या शतकातल्या सेल्ससनं या टकलाचं वर्णन केलं. डोक्याच्या मागून कानांकडे सापासारखी वळत जाणारी केसगळतीही त्यानं वेगळी नोंदवली. आज वापरात असलेलं नाव १७६३ साली सोवाज या फ्रेंच वैद्यानं दिलं. एकोणिसाव्या शतकात जंतूंमुळे रोग होतात हे कळलं आणि चाईही जंतूंमुळेच होते, असं अनेकांना वाटू लागलं. शाळांमध्ये एकाच वेळी अनेक मुलांना टक्कल पडल्याच्या नोंदी त्याला आधार म्हणून दिल्या जात; त्यांतल्या बऱ्याच मुलांना डोक्याचा नायटा असणार. दुसरा गट मज्जातंतूंना दोष देत होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसच्या लुसियाँ जाके यानं किडलेल्या दातांकडे बोट दाखवलं. सूक्ष्मदर्शकाखाली केसाच्या मुळाभोवती पांढऱ्या पेशी जमलेल्या दिसत होत्या, पण त्या कशासाठी आल्या हे कळायला आणखी बरीच दशकं गेली.

मुळाशी काय घडतं

वाढीच्या अवस्थेतल्या केसाच्या मुळाला शरीरात एक सवलत असते. प्रत्येक पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे तुकडे पृष्ठभागावर मांडून प्रतिकारशक्तीला दाखवते. केसाच्या मुळाचा खालचा भाग हे फार कमी करतो, म्हणून रक्षक पेशींचं तिकडे लक्ष जात नाही. चाईमध्ये ही सवलत संपते. मूळ उघडं पडतं आणि टी पेशी त्याला वेढा घालतात. विकृतिशास्त्रज्ञ या दृश्याला मधमाश्यांचं मोहोळ म्हणतात.

इथवर पोचायला तीन टप्पे लागले. १९९४ साली अमेरिकेतल्या जॅक्सन लॅबोरेटरीत जॉन संडबर्ग यांना उंदरांच्या एका वाणात आपोआप चाई पडताना दिसली, आणि प्रयोग करता येईल असा प्राणी मिळाला. १९९८ साली इस्रायलमध्ये आमोस गिल्हार यांनी रुग्णांच्या डोक्याची त्वचा प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांवर रोवली आणि त्यात रुग्णांच्याच टी पेशी सोडल्या. केस गळले. दोष टी पेशींचा आहे, याचा हा सर्वांत थेट पुरावा होता. २०१० साली कोलंबिया विद्यापीठात अँजेला क्रिस्टियानो यांच्या गटानं १,०५४ रुग्णांची गुणसूत्रं निरोगी माणसांशी ताडून पाहिली. क्रिस्टियानो यांना स्वतःला चाईचा अनुभव आहे. जे जनुकीय दुवे सापडले ते मुख्यतः प्रतिकारशक्तीचे होते. त्यांतला एक दुवा तोवर चाईशी कुणी जोडलाच नव्हता: पेशी संकटात असल्याची खूण पृष्ठभागावर दाखवणारी जनुकं.

याच गटानं २०१४ साली पुढची साखळी उलगडली. टी पेशी इंटरफेरॉन गॅमा सोडतात. त्यामुळे केसाच्या मुळातल्या पेशी इंटरल्यूकिन १५ तयार करतात, आणि ते आणखी टी पेशींना बोलावतं. हे दोन्ही निरोप पेशीच्या आत पोचवण्याचं काम जॅक नावाची विकरं करतात. ती अडवली तर चक्र थांबायला हवं. सांधेदुखी आणि रक्ताच्या आजारांसाठी जॅक अडवणारी औषधं बाजारात आधीच होती. रक्सोलिटिनिब दिलेल्या तीन रुग्णांना काही महिन्यांत भरघोस केस आले. त्याच वर्षी येल विद्यापीठाच्या ब्रेट किंग आणि ब्रिटनी क्रेगलो यांनी अंगावर एकही केस न उरलेल्या २५ वर्षांच्या तरुणाला टोफासिटिनिब दिलं. आठ महिन्यांत त्याचे डोक्यावरचे, भुवयांचे, पापण्यांचे केस परत आले.

एक मोठा दुवा अजून मिळालेला नाही. टी पेशी केसाच्या मुळातलं नेमकं काय शत्रू समजतात? चाईत काळे केस आधी गळतात आणि पांढरे बऱ्याचदा टिकतात. नवे केसही सुरुवातीला पांढरे उगवतात. एका रात्रीत केस पांढरे झाल्याच्या गोष्टींमागे हेच कारण असण्याची शक्यता आहे: काळे केस झपाट्यानं गळले आणि पांढरे तेवढे उरले. त्यावरून रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींवर संशय आहे. कोड आणि चाई एकाच माणसात आढळतात, हेही त्याला जुळतं. तरी सिद्ध लक्ष्य असं कुठलंही नाही.

मनाचा ताण आणि इतर कारणं

अनेक रुग्ण एखादा धक्का, परीक्षा किंवा घरातला मृत्यू आठवून सांगतात. अभ्यासांचे निष्कर्ष मात्र संमिश्र आहेत. आजार झाल्यावर माणूस कारण शोधत मागे पाहतो आणि ताण कुणाच्याही आयुष्यात सापडतो. २०१९ साली ब्रिटनमधल्या कुटुंबवैद्यांच्या नोंदींवर आधारित एका मोठ्या अभ्यासात नातं दोन्ही दिशांनी दिसलं: नैराश्य असलेल्यांना चाईचा धोका वाढतो आणि चाई झालेल्यांना नैराश्याचा. ताण हे एकमेव कारण असतं तर जुळ्यांच्या अभ्यासांत दिसतं ते दिसलं नसतं. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला चाई असेल तर साधारण निम्म्या जोड्यांत दुसऱ्यालाही होते. म्हणजे वारसा महत्त्वाचा आहे, पण पुरेसा नाही. थायरॉइडचे आजार, दमा आणि ॲलर्जीचा इसब चाईच्या रुग्णांत जास्त आढळतात.

बुलढाण्याचं प्रकरण

डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत लोकांचे केस तीन-चार दिवसांत मुठीनं हातात येऊ लागले. सुरुवातीला संशय पाण्यावर आणि बुरशीवर गेला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथकं आली. रायगड जिल्ह्यातल्या महाडमध्ये विंचूदंशावर मूलभूत काम केलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गावांत जाऊन रक्त, लघवी, केस आणि गव्हाचे नमुने तपासून घेतले. रुग्णांच्या शरीरात सेलेनियम कित्येक पट जास्त आणि जस्त कमी असल्याचं त्यांनी सांगितलं. त्यांचा रोख रेशनच्या गव्हावर होता. पुढे अनेकांचे केस परत येऊ लागले, तर एप्रिलमध्ये काहींची नखं गळू लागली. १९६०च्या दशकात चीनच्या हुबेई प्रांतातल्या एन्शी भागात सेलेनियमच्या विषबाधेत केस आणि नखं, दोन्ही गेली होती.

हे प्रकरण चाईचं नव्हतं, पण चाईच्या चर्चेत ते मोलाचं आहे. चाई एकाच वेळी अख्ख्या गावात पडत नाही. ती एकाकडून दुसऱ्याला लागत नाही; कंगवा, टोपी, वस्तरा यांतून पसरत नाही. गटानं केस गळले तर अन्न, पाणी, विष आणि संसर्ग तपासावे लागतात. उलट लहान मुलाच्या डोक्यावर खवले असलेला, तुटक्या केसांचा चट्टा दिसला तर तो नायटा असू शकतो, आणि नायटा खरोखरच पसरतो. भिंगाखाली फरक कळतो. चाईत उद्गारचिन्हासारखे, खाली बारीक आणि वर जाड केस दिसतात. काळे-पिवळे ठिपकेही दिसतात. २०११ साली पुदुच्चेरीच्या जिपमरमधल्या डॉक्टरांनी चाईच्या ६६ रुग्णांची अशी तपासणी प्रसिद्ध केली. त्यात पिवळे ठिपके सर्वाधिक आढळले, उद्गारचिन्हासारखे केस मात्र थोड्याच रुग्णांत.

उपचारांतल्या भूमिका

पहिली भूमिका थांबण्याची आहे. एक-दोन चट्टे असतील तर एक तृतीयांश ते निम्म्या रुग्णांचे केस वर्षभरात औषधाविना परततात. म्हणून कोणत्याही उपचाराचं यश तपासताना शेजारी औषध न घेतलेला गट हवाच. कांद्याच्या रसाचं उदाहरण बोलकं आहे. बगदादमध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कांद्याचा रस लावलेल्या २३ जणांपैकी २० जणांना सहा आठवड्यांत केस आले. साधं पाणी लावलेल्या १५ जणांत हे प्रमाण फारच कमी होतं. आकडा डोळ्यांत भरतो, पण रुग्ण थोडे होते आणि कांद्याचा वास लपत नाही, त्यामुळे कोण काय लावतंय हे सगळ्यांना ठाऊक होतं. तेवढ्यावर शिफारस करता येत नाही, आणि तो अभ्यास मोठ्या प्रमाणावर पुन्हा झालेलाही नाही.

दुसरी भूमिका स्थानिक इंजेक्शनांची आहे आणि मर्यादित चाईत ती सर्वाधिक रुळलेली आहे. डॉक्टर इन्सुलिनच्या बारीक सिरिंजनं ट्रायमसिनोलोन हे स्टेरॉइड चट्ट्यात सेंटिमीटरभर अंतर ठेवून थेंबाथेंबानं टोचतात. चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा. सुई चुकून वरवर लागली किंवा औषध तीव्र झालं तर त्वचेला खड्डा पडतो. तो बहुधा हळूहळू भरून येतो. लहान मुलं हे सहन करत नाहीत, आणि निम्मं डोकं उघडं पडलं असेल तर इतक्या सुया टोचणं शक्य नसतं.

तिसरी वाट ॲलर्जीची. जर्मनीत रुडॉल्फ हॅपल यांनी १९८०च्या दशकात डायफेनसायप्रोन हे रसायन वापरात आणलं. आधी त्वचेला त्याची ॲलर्जी लावायची, मग दर आठवड्याला अगदी सौम्य द्रावण डोक्यावर फासून हलका इसब जिवंत ठेवायचा. नवी दाहप्रक्रिया जुन्या हल्ल्याला विचलित करते, असं मानलं जातं. नेमकं काय होतं हे पूर्ण उलगडलेलं नाही. बिब्ब्याचा लेप देणाऱ्या वैद्यांचा अनुभव याच दिशेचा होता, फक्त तिथं मात्रेवर ताबा नव्हता.

चौथी वाट तोंडावाटे स्टेरॉइडची. रोज दिल्यास मधुमेह, रक्तदाब, हाडांची झीज मागे लागते. त्यावर भारतात ठरावीक अंतरानं मात्रा देण्याची पद्धत विकसित झाली. दिल्लीच्या एम्समध्ये प्रा. जे. एस. पसरिचा यांनी पेम्फिगस या त्वचारोगासाठी ती रूढ केली होती. डॉ. शर्मा यांनी चाईसाठी महिन्यातून एकदा ३०० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, आणि पुढे आठवड्यातून दोन दिवस ५ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन देऊन पाहिलं. केस अनेकांना आले, औषध थांबल्यावर पुन्हा गळण्याचा प्रश्न मात्र राहिला.

या साऱ्याचा हिशोब २००८ साली वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेनं मांडला. जगभरातल्या १७ चाचण्या आणि ५४० रुग्ण तपासून एकाही उपचाराचा दीर्घकालीन फायदा सिद्ध झालेला नाही, असा निष्कर्ष निघाला. उपचार निरुपयोगी आहेत, असा त्याचा अर्थ नव्हता. चाचण्या लहान आणि अपुऱ्या होत्या.

जॅक औषधांचं दशक

२०२२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये बॅरिसिटिनिबच्या दोन चाचण्या एकत्र प्रसिद्ध झाल्या. निम्म्याहून अधिक डोकं उघडं पडलेले १,२०० रुग्ण त्यांत होते. ३६ आठवड्यांनी डोक्याचा किमान ८० टक्के भाग केसांनी झाकला जाणं, ही यशाची कसोटी ठरली. ४ मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी एका चाचणीत ३८.८ आणि दुसरीत ३५.९ टक्के रुग्ण तिथवर पोचले. खोट्या गोळीच्या गटात ६.२ आणि ३.३ टक्के. जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं तीव्र चाईसाठी बॅरिसिटिनिबला परवानगी दिली. पूर्ण शरीरावर काम करणारं, खास या आजारासाठी मान्य झालेलं ते पहिलं औषध. २०२३ मध्ये १२ वर्षांपुढच्यांसाठी रिटलेसिटिनिब आणि जुलै २०२४ मध्ये प्रौढांसाठी ड्यूरक्सोलिटिनिब आलं. हे तिसरं औषध मुंबईत मुख्यालय असलेल्या सन फार्माचं आहे. २०२३ साली कॉन्सर्ट ही अमेरिकी कंपनी विकत घेऊन सननं ते मिळवलं.

या औषधांची बाजू घेणाऱ्यांचं म्हणणं असं की भुवया-पापण्या गेलेल्या माणसाला पहिल्यांदाच सांगण्याजोगा उपाय मिळाला आहे आणि हा आजार केवळ दिसण्याचा नाही. पापण्या नसतील तर धूळ आणि घाम थेट डोळ्यांत जातो; शाळा, नोकरी, लग्न यांवर परिणाम होतो. सावध असणाऱ्यांचे मुद्दे तितकेच ठोस आहेत. औषध थांबवलं की बहुतेकांचे केस पुन्हा गळतात, म्हणजे गोळी वर्षानुवर्षं घ्यावी लागू शकते. सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकी प्रशासनानं सांधेदुखीसाठीच्या जॅक औषधांवर हृदयविकार, रक्ताच्या गाठी, कर्करोग आणि गंभीर संसर्ग यांचा ठळक इशारा छापायला लावला. ज्या चाचणीवरून हा इशारा आला, तिच्यातले रुग्ण ५० वर्षांपुढचे आणि हृदयविकाराची जोखीम असलेले संधिवाताचे रुग्ण होते. विशीतल्या निरोगी मुलीला तो धोका कितपत लागू होतो, यावर मतं वेगळी आहेत. भारतात सुप्त क्षयरोगाची चिंता त्यात मिळते. गोळी सुरू करण्याआधी क्षय आणि कावीळ बी यांची तपासणी करणं आवश्यक मानलं जातं.

किमतीचा वादही खरा आहे. ब्रिटनच्या नाईस या संस्थेनं २०२३ साली बॅरिसिटिनिब सरकारी खर्चानं देण्यास नकार दिला आणि २०२४ साली रिटलेसिटिनिबची शिफारस केली. भारतात टोफासिटिनिबच्या जेनेरिक गोळ्या मिळतात आणि त्वचारोगतज्ज्ञ त्या चाईसाठी वापरतात. पण या आजारातल्या मोठ्या, निर्णायक चाचण्या टोफासिटिनिबवर झालेल्या नाहीत. पुरावा दुसऱ्या औषधांचा आहे, आणि वापर होतो या औषधाचा.

चौलहून पाहिलं तर

हे सगळं रायगडच्या किनाऱ्यावरच्या चौलसारख्या गावात कसं उतरतं, ते तपासण्यासारखं आहे. चौल-रेवदंड्याहून अलिबागचं जिल्हा रुग्णालय आणि तिथं अलीकडे सुरू झालेलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय पंधरा-वीस किलोमीटरवर आहे. निदान आणि इंजेक्शनं तिथवर जाऊन होऊ शकतात. डायफेनसायप्रोनसाठी मात्र दर आठवड्याला ते ठेवणाऱ्या मोठ्या रुग्णालयात, म्हणजे बहुधा मुंबईत, जावं लागेल. मांडव्याहून मुंबईला रो-रो बोट २०२० पासून आहे. गेटवेच्या लाँच पावसाळ्यात बंद असतात. नारळी-पोफळीच्या वाडीत रोजानं काम करणाऱ्यानं आठवड्याचा एक दिवस आणि प्रवासखर्च कित्येक महिने काढायचा, हे उपचाराच्या कोणत्याही तक्त्यात लिहिलेलं नसतं. जॅकच्या गोळ्या घरी घेता येतात, पण मधूनमधून रक्ततपासणी लागते आणि खर्च घरातूनच करावा लागतो. म्हणून गोळी आणि इंजेक्शन यांची तुलना शहरात जशी दिसते तशी गावात दिसत नाही, आणि अंतर व खिसा धरून केलेले अभ्यास भारतात फार कमी आहेत.

काय उलगडायचं बाकी आहे

कॉक्रेननं २०२३ साली पुन्हा आढावा घेतला. या वेळी ६३ चाचण्या आणि ४,८१७ रुग्ण होते. बॅरिसिटिनिबबद्दलचा पुरावा भक्कम ठरला. इतर बहुतेक उपचारांबद्दल खात्री कमीच राहिली. सर्वाधिक रुग्ण एक-दोन चट्ट्यांचे असतात, आणि मोठ्या चाचण्यांत त्यांनाच जागा नव्हती. इंजेक्शन चांगलं की थांबणं चांगलं, हा बाह्यरुग्ण विभागात रोज पडणारा प्रश्न नीट तपासला गेलेला नाही. १२ वर्षांखालच्या मुलांसाठी मान्य झालेलं जॅक औषध नाही, आणि चाई लहानपणी पडली तर ती पसरण्याची शक्यता अधिक असते, हे भारतीय अभ्यासातही दिसलं आहे. गोळी किती दिवसांनी कमी करावी, लवकर सुरू केल्यास आजार कायमचा शमतो का, कोणता रुग्ण प्रतिसाद देईल हे आधी ओळखता येईल का, यांवर काम सुरू आहे. पसरलेली चाई जितकी जुनी, तितका औषधाचा उपयोग कमी, एवढं चाचण्यांतून पुढे आलं आहे. त्यामुळे चाईचा नवा रुग्ण किती महिन्यांत तज्ज्ञापर्यंत पोचतो, याची मोजणी जिल्हा रुग्णालयांच्या पातळीवर सुरू झाली, तर पुढच्या आढाव्याला भारतातली आकडेवारी मिळेल.